पाठवणीचं तिकीट

नांदुऱ्याच्या पोलीस ठाण्यातला तो लाकडी बाक आणि त्यावर टोपी पिळत बसलेला एक बाप मी अजून विसरलेले नाही. परवा धाकट्या नातीने फोनवर विचारले, "आजी, परदेशातल्या एका शाळेने मला शिकवायला बोलावलं आहे. विमानाचं भाडं कोणी द्यायचं असतं? त्यांनी की मी?" उद्या सांगते, म्हणून मी फोन ठेवला. हाच प्रश्न मी पूर्वी एकदा ऐकला होता, आणि तो एका अकस्मात मृत्यूच्या तपासात ऐकला होता. तेव्हा तुम्हा सगळ्या नातवंडांसाठी ती हकिगत लिहूनच ठेवते.

महाराष्ट्र राज्य होऊन दहा-बारा वर्षे झाली होती. बुलढाणा जिल्ह्यात बाई फौजदार मी एकटीच. इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली मुलगी खाकी साडी नेसून ठाण्यात बसते, हे पाहायला लोक काम नसतानाही येत. कुठे बाईमाणसाचे प्रकरण घडले की वरिष्ठ मला तिकडे पाठवीत.

त्या सकाळी जवळच्या एका गावच्या पोलीस पाटलाने वर्दी दिली. हायस्कुलातल्या एका मास्तरांची बायको परसातल्या विहिरीत पडून मेली होती. पाणी काढताना पाय घसरला, असे घरच्यांचे म्हणणे. ठाणे अंमलदाराने नोंद केली आणि मी हवालदारांना घेऊन पंचनाम्याला गेले.

प्रेत बाईचे, म्हणून गावातल्या दोन बायकांना पंच घेतले आणि पुरुषांना अंगणाबाहेर उभे केले. मी पाहून सांगत गेले, हवालदार भिंतीपलीकडून ऐकून लिहीत गेले. कपाळावर जखम होती. ती विहिरीच्या दगडाचीही असू शकते. दोन्ही दंडांवर लहानपणी देवी टोचल्याचे जुने, पांढरे वण होते. ओळखीची खूण म्हणून तेही लिहून घेतले. मग प्रेत शवविच्छेदनाला रवाना केले.

ठाण्यात परतलो तर बाकावर तिचे वडील बसलेले. वरवट बकालकडचे, भाजीपाल्याचा मळा करणारे. पहिल्या मिळालेल्या एस.टी.ने आले होते.

"बाई, माही पोरगी मळ्यात वाढली," ते म्हणाले. "लहान होती तवापासून विहिरीवर पानी शेंदे. तिचा पाय कसा घसरंल?"

"मग तुमचा संशय कोणावर आहे?"

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "जवाई आफ्रिकेत मास्तर म्हून चालले. पोरीच्या इमानाचं तिकीट मीच काढाव, असं त्यायचं म्हननं. मी म्हनलं, पाठवनी तं मागंच करून देली. तं म्हने, आता सासर आफ्रिकेत गेलं. पुन्हा पाठवनी करा."

हवालदारांना राहवले नाही. "मंग दिवाळीले पोरीले आनाले कोन जाईन, बाबा? तुमी समुद्रातून पोहत?"

मी त्यांच्याकडे पाहिले. ते खाली मान घालून लिहू लागले.

"मी पैशाची जुळवाजुळव केल्ती, बाई. पोरगीच आडवी आली. म्हने, बाबा, ज्यायनं बलावलं त्यायनंच तिकीट द्या लागते. नवराबायको दोघायचंबी. तिच्या एका मैतरनीचा नवरा असाच गेला, तिच्या बापाले कवडी नाई मांगतली." त्यांनी टोपी पिळली. "बाई, खरं सांगा. मी देले नाई म्हून गेली का थे?"

तपास होऊ द्या, मग सांगते, एवढेच मी म्हणाले. मला ते ठाऊक नव्हते.

दुपारी जबाबासाठी मास्तरांना बोलावले. शास्त्र शिकवणारा, परीटघडीच्या कपड्यांतला, अदबीने बोलणारा माणूस. खोटे बोलणारा नजर चुकवतो असे लोक समजतात. माझा अनुभव उलटा आहे. तो तुमच्याकडे टक लावून पाहतो, आपले बोलणे पटते आहे का ते तपासत. हात मात्र त्याच्या ताब्यात राहत नाहीत.

"मॅडम, आमचं दोघांचं सगळं तयार होतं," तो म्हणाला. "थोड्याच दिवसांत निघणार होतो. जिला बरोबर न्यायची, तिच्याशी मी वैर कशाला धरीन?"

मुद्दा बिनतोड होता. पण बोलताना त्याचा उजवा हात सारखा डाव्या दंडावर जात होता आणि सदऱ्यावरून खाजवत होता.

"दंडाला काय झालं?"

"देवी टोचून घेतली, मॅडम. खपली धरली आहे. त्याशिवाय विमानात घेत नाहीत."

तुम्हाला हे ठाऊक नसेल. तेव्हा देवीचा रोग होता आणि नव्याने टोचल्याचा दाखला असल्याशिवाय परदेशी जाता येत नसे.

"आणि बाईंना?"

"तिलाही. दोघांनी एकाच दिवशी घेतली."

मी पुढे काही विचारले नाही. माणूस खोटे बोलला की लगेच त्याला पकडू नये, ते त्याच्या तोंडून कागदावर उतरू द्यावे. त्याची सही घेतली, त्याला आत बसवले आणि हवालदारांना शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवले. ते निरोप घेऊन आले: दोन्ही दंडांवर जुने वण आहेत, नवी टोचणी नाही. ती कुठेही जाणार नव्हती.

लेकाबरोबर आलेली त्याची आई ठाण्याच्या व्हरांड्यात बसली होती. म्हातारी विधवा, लेकाच्या नोकरीचा अभिमान असलेली. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले.

"मावशी, सुनेला देवी टोचली होती?"

"हाव, टोचली तं. पोरानं सांगलं ना, दोघायचंबी झालं म्हून."

"नाही टोचली. मी स्वतः पाहिलं. डॉक्टरांनीही पाहिलं."

ती माझ्याकडे सरकली. मग अगदी हळू म्हणाली, "म्हंजे थे खरं बोलत होती?"

"काय बोलत होती?"

"काल दिवे लागनीले भांडन झालं. म्हने, तुमी एकलेच टोचून आले. मले न्याचंच नाई तं माह्या बापाले तिकीट कायले मांगता? मले वाटलं, खोटारडी आहे, तिकडं जाच्या आंधीच घर फोडते. मीच लेकाले म्हनलं, हिचं तोंड बंद कर." तिने पदर तोंडात कोंबला. "त्यानं तिले ओढत मांगं नेलं, बाई. मंग पान्यात आवाज आला."

त्यानंतर मास्तर फार वेळ टिकला नाही, त्याने सगळे कबूल केले. एकट्यानेच जायचे, सासऱ्याने तिकिटासाठी दिलेले पैसे खिशात घालायचे आणि निघायच्या दिवशी काहीतरी कारण सांगून तिला माहेरी सोडायचे, असा त्याचा बेत होता. तिकडच्या सरकारकडून दोघांचेही भाडे मिळत होते. त्याने बायकोचे मागितलेच नव्हते. पोलिसांपुढची कबुली न्यायालयात चालत नाही, म्हणून म्हातारीचा जबाब मी दंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवून घेतला.

तरी खटला उभा राहिला तेव्हा ती फिरली. "मले काई आयकू आलं नाई," एवढेच म्हणाली. लेकाकडे तिने पाहिले नाही, माझ्याकडेही नाही. संशयाचा फायदा मिळून तो सुटला. परदेशातली नोकरी तोवर गेली होती. याला शिक्षा म्हणायचे असेल तर म्हणा. मी म्हणत नाही.

न्यायालयाबाहेर मुलीचे वडील एका झाडाखाली उभे होते. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे राहिले होते.

"बाबा, तुम्ही पैसे दिले असते तरी त्याने तिला नेलं नसतं," मी म्हणाले. "तुमची मुलगी बरोबर होती."

"हाव. तिचं खरंच राहे नेहमी." ते रस्त्याकडे पाहत म्हणाले, "लगनाच्या टायमाले नको म्हने, मी आयकलं नाई. नोकरी कराची म्हने, आयकलं नाई. हे एकच आयकलं, बाई. देऊ नोका म्हनली, देले नाई."  एस.टी. आली आणि ते चढून गेले.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. त्या घरात खरे काय ते सुनेने आदल्या संध्याकाळीच ओरडून सांगितले होते. तिने सांगितले तेव्हा ते भांडण ठरले. तेच दुसऱ्या दिवशी खाकी साडीतल्या परक्या बाईने सांगितले आणि सासूने मान्य केले. त्यानंतर नोकरीभर अशा कुठल्याही घरात गेले की मी पहिला प्रश्न तोच विचारी: ती काय म्हणत होती? बहुतेक वेळा उत्तर येई, "काही नाही, तिची सवयच होती बोलायची." मग मी वही उघडून तिथूनच लिहायला घेई.

धाकटीला मी दुसऱ्या दिवशी फोन केला. जो बोलावतो त्याने भाडे द्यावे, आणि तो देत नसेल तर का देत नाही ते विचारून घ्यावे, असे सांगितले. एक गोष्ट फोनवर सांगायची राहिली, ती इथे लिहिते. तिकडे गेल्यावर तुला काही खटकले, कोणी खोटे वागते आहे असे वाटले, तर मला सांग. पुरावा गोळा करत बसू नकोस. तू पहिल्यांदा सांगशील तेव्हाच मी ते खरे धरीन.