सूचीतलं आईचं नाव

सविताच्या प्रबंधाची संदर्भसूची आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात, संगणकावर तयार होत होती. विषय मासेमारीच्या जाळ्यांचा होता आणि निम्मी माहिती तिच्या आईने, जाळी विणणाऱ्या पार्वतीबाईंनी सांगितलेली. पण सॉफ्टवेअरमधली संदर्भ मांडायची कुठलीही शैली निवडली, तरी सूचीत पुस्तकं यायची आणि मुलाखती गळायच्या.

“मॅडम, आईचं नाव कुठेच येत नाही हो,” सविता म्हणाली.

ग्रंथपाल म्हणून इतकी वर्षं मी मिळेल ती शैली निमूट वापरली होती. त्या दिवशी मात्र त्यातल्या एका शैलीची संगणकावरच नक्कल केली आणि दोन दुपारी खपून तिच्या नियमांत मुलाखतींना जागा केली. लिहिणाऱ्यालाच जाणकार म्हणायचं, हे कुणी ठरवलं असेल?

सूची छापली तेव्हा पार्वतीबाई मुद्दाम आल्या. त्यांना वाचता येत नाही. सविताने त्यांचं बोट धरून नावावर ठेवलं.

“माझ्या वर कोण आहे?”

“एक प्रोफेसर.”

“आणि खाली?”

“तेही प्रोफेसर.”

पार्वतीबाईंनी बोट वरच्या नावावरून खालच्या नावापर्यंत फिरवलं. मग म्हणाल्या, “त्यांना काही अडलं, तर माझ्याकडे पाठव.”