उरलेला खडा

हर्सूलच्या पुढं आमची दगडाची खदान होती. तिथल्या मुकादमाचा उजवा हात कायम खिशात असे. मी नवा सुपरवायझर, त्यामुळं हा सुरुंगाची दारू लंपास करतो, असा माझा पक्का संशय होता.

त्याचं बोलणं तोडकं. कुणी "झालं" म्हटलं, की विचारणार, "कुणी पाह्यलं?" पाणी प्यायच्या आधीसुद्धा तो माठात डोकावायचा.

एका दुपारी सात सुरुंग लावले होते. आवाज झाले, धूळ बसली, माणसं उठली. हा वाटेत आडवा आला.

"बसा रे. एक उडायचा राह्यलाय."

"दोन संगं उडाले असतील," मी म्हणालो. "आणि खिशात काय आहे, ते दाखवा आधी."

त्यानं मूठ उघडली. आत एक खडा होता. सुरुंग भरताना एकेक खडा खिशात टाकायचा आणि आवाज झाला की एक फेकायचा, ही त्याची रीत.

"असतील बी संगं," तो म्हणाला. "मग पहिले तुम्ही उतरा."

मी उतरलो नाही.

दुसऱ्या दिवसापासून मीही खडे ठेवू लागलो. विश्वास बसला म्हणून नव्हे, तो चुकला तर पकडता यावं म्हणून.

आठवड्यानं नऊ सुरुंग लावले. त्याचा खिसा रिकामा झाला, माणसं उठली. माझ्याकडं एक खडा उरला होता. चूक माझीच असणार, म्हणून मी मूठ झाकली. त्यानं ते पाहिलं.

"उघडा," तो म्हणाला.

मी उघडली.

तो माणसांकडं वळला. "बसा रे."