कौसल्याबाईंची मिरची फिकी पडते

जानेवारीतल्या एका सकाळी कौसल्याबाईंनी परसातली मिरचीची तीन झाडं मुळासकट उपटून कुंपणाबाहेर फेकली आणि चौथ्याला हात घातला. ते पाहून त्यांचे यजमान नागोराव यांच्या हातातला गरम चहा पायजम्यावर सांडला. चटका चांगलाच बसला असणार, पण माणूस ओरडला तो मिरचीसाठी.

"अवं, काय करून राह्यली? डोकं फिरलं काय तुहं?"

त्यांचा विश्वासच बसेना. याच परसात शेजारच्या बकरीने एक फांदी मोडली, तेव्हा बकरीला दोन दिवस आणि बकरीच्या मालकाला आठ दिवस शिव्या खाव्या लागल्या होत्या.

दिग्रसपासून सात किलोमीटरवरच्या आमच्या गावात कौसल्याबाईंच्या मिरचीचा दरारा होता. लावणीसाठी बाजारातून काही म्हणून आणायचं नाही, हा त्यांचा बाणा. पळसाच्या पानांचे द्रोण करायचे, त्यात बकरीचं लेंडीखत आणि चुलीतली राख भरायची, रोपं त्यात वाढवायची. वर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा मांडव, बुडाशी सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा. पानं आकसली की आंबट ताक शिंपडायचं. पोटच्या पोराला, म्हणजे संघदीपला, त्यांनी इतक्या नियमाने ताक पाजल्याचं कोणाला आठवत नाही.

बी मात्र त्या जिभेने निवडत. प्रत्येक झाडावरची एक लाल मिरची तोडायची, देठाजवळ दाताने फोडायची, कारण खरा तिखटपणा तिथल्या पांढऱ्या गाभ्यात असतो, आणि डोळे मिटून उभं राहायचं. कानातून वाफ निघाली तर झाड पास. बावीस वर्षं सगळ्यात जहाल झाडाचंच बी धरलं जात होतं, आणि सगळं गाव त्यांच्याकडूनच रोपं नेत होतं.

आणि या वर्षी चाळीस झाडांच्या चाळीस मिरच्या चावून झाल्या, पण वाफ नाही की हाय नाही.

"काकडी हाय काकडी!" कौसल्याबाईंनी चावलेली मिरची कुंपणापार थुंकली. "वाण गेला माहा. उपटतो सारं, बरणीतलं बीही फेकतो, अन् दिग्रसहून पाकिटातलं आणतो."

पाकिटातलं! नागोरावांनी एक मिरची चावून पाहिली. "व्हय, थोडी मऊ लागते खरी."

गलका ऐकून शेजारच्या विमलताई आल्या. त्यांनी एक अख्खी मिरची गाजरासारखी खाल्ली आणि मान हलवली. "मी मागच्याच वर्षी सांगणार होती. पण म्हटलं, तुमाले वाईट वाटन."

झालं. कौसल्याबाईंनी चौथ्या झाडाचं खोड घट्ट धरलं. तेवढ्यात घरातून सून धावत आली आणि झाडाला मिठी मारून खालीच बसली. दीपा यवतमाळ शहराला लागून असलेल्या लोहाऱ्याची. चार महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली, आणि इतकी मवाळ की मीठ मागायचं तरी आधी खाकरून घ्यायची.

"आई, नका उपटू! मिरची फिकी नाही." मग तिने डोळे गच्च मिटले आणि बोलून टाकलं, "मी चार महिन्यांपासून भाजी धुऊन खाते."

कौसल्याबाईंच्या हातातून खोड सुटलं.

"धुऊन?" कौसल्याबाईंना शब्दच कळेना.

"ताट घेऊन मोरीत जाते. फोड न् फोड पाण्यात बुचकळते. तरी ओठ सुजतात. मला वाटलं, तुमच्याकडे नव्या सुनेची अशी परीक्षा घेतात."

"माही भाजी? मोरीत?" वाणाचं दुःख क्षणभर बाजूला राहिलं. कौसल्याबाई कुटारावर मटकन बसल्या.

"शहरातली पोरगी," विमलताई म्हणाल्या. "तिले तं साखरही झोंबन."

दीपा उठली. तिने पेटीत लपवलेलं माहेरचं तिखटाचं पाकीट आणलं. त्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं: जादा तिखट. कौसल्याबाईंनी अर्धी मूठ तोंडात टाकली. सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले.

"हे काय, रांगोळी हाय?"

नागोरावांनी चिमूट घेतली. "गुलाल!"

विमलताईंनी तर दुसऱ्यांदा हात पुढे केला.

"आई," दीपा अगदी हळू म्हणाली, "यवतमाळात हे खाऊन माणसं रडतात."

नागोरावांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. "म्हंजे आपले पाहुणे जेवले का डोये पुसत निघतात, ते..."

"मायेनं नाही, बाबा."

"बापा रे! मी बी त्याइच्या गळ्यात पडून रडलो नं!" आणि मग आणखी एक धक्का. "तरीच! देवराव जवाई सहा वर्षांपासून काहून येऊन नाई राह्यले!"

कौसल्याबाईंना मात्र हसू आलं नाही. मिरची वर्षावर्षाला जहाल होत गेली, तशी त्यांची जीभही निबर होत गेली, आणि यंदा जिभेने मिरचीला मागे टाकलं. सगळ्या गावाचं तेच झालं होतं. त्यांनी आपल्या मातीने भरलेल्या हातांकडे पाहिलं.

"मंग मी आता बी कसं धरू वं? माह्यापाशी दुसरं माप नाई."

मग त्यांनीच एक मिरची तोडली आणि दीपापुढे धरली. "तू सांग."

दीपाने जिभेचं टोक लावलं आणि उचकी सुरू झाली. दुसऱ्या झाडाला डोळे वाहिले. तिसऱ्याला ती चार महिन्यांत प्रथमच सासूवर ओरडली, "हे माणसांसाठी नाही, आई!" कौसल्याबाई ताकाचा तांब्या घेऊन मागे मागे चालत होत्या आणि प्रत्येक किंकाळी नीट ऐकून घेत होत्या.

नवव्या झाडाशी दीपाने मिरची चावली, नाक ओढलं, आणि आपण होऊन दुसरा घास घेतला.

"हे चांगलं आहे. झोंबतं, पण चवही कळते."

कौसल्याबाईंनी त्याच झाडाची मिरची तोडली. चावली. डोळे मिटून बराच वेळ उभ्या राहिल्या, मग दुसरी चावली.

"मले तं काहीच नाई लागून राह्यलं," त्या म्हणाल्या. आणि पदराची चिंधी फाडून त्यांनी बी धरायची खूण म्हणून त्या झाडाला गाठ मारली. "पण तू म्हणतं, मंग हाय."