टीनाची साखर आणि मंडईचे अनारसे

माझी मामेबहीण टीना तुमसरात लेडीज टेलर आहे. तिने शिवलेला ब्लाउज दुरुस्तीला परत येत नाही. तिची जीभ मात्र दुरुस्तीपलीकडची आहे. नवव्या वर्षी तिला टाइप वन डायबेटिस झाला, म्हणजे तिच्या शरीराने इन्सुलिन बनवणंच बंद केलं. तीन वर्षांनी धाकट्या तृप्तीलाही तेच झालं. देवाने एकाच घरात दोनदा हात साफ केला, आणि सेवकराममामाने त्यातही पोरींचे नंबर काढले.

मामा राइस मिलमध्ये धान पारखतो. पोत्यात परखी खुपसायची, मूठभर दाणे काढायचे आणि अख्ख्या पोत्याचा निकाल लावायचा. पोरींचाही त्याने तसाच लावला. घर एक, भात एक, इन्सुलिन एकाच फ्रीजमधलं. तरी तीन महिन्यांच्या रिपोर्टात तृप्तीचा साखरेचा आकडा सात आणि टीनाचा साडेनऊ. त्यात दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरली, पाहुणे आले, की डब्यातले अनारसे दरवर्षी कमी निघायचे.

"साडेनऊ काय हवेतून येते?" असं म्हणत मामा पाहुण्यांसमोर टीनाची बॅग उलटी करायचा. तिला अठ्ठाविसावं लागलं तरी करायचा. टीना शिव्या घालायची, पण तिला साखरेपेक्षाही एकच गोष्ट हवी होती: बापाने एकदा म्हणावं, तू चोर नाहीस. मला मामाचा भयंकर राग यायचा.

यंदा मंडई झाल्यावर मी सगळ्यांना माझ्या गाडीतून नागपूरला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी टीनाची वही वाचली. प्रत्येक सुई, प्रत्येक वाटी भात तिने लिहून ठेवला होता.

"ही सगळं पाळते," त्या मामाला म्हणाल्या. "साखर किती आटोक्यात राहील, यात थोडा वाटा जनुकांचाही असतो. ती आईबापाकडून येतात आणि सख्ख्या बहिणींतही वेगळी असतात. हिला जास्त झगडावं लागतं, एवढंच."

मामाने लगेच कुसुममामीकडे पाहिलं.

"माह्याकडे काहून पाहून राहिले?" मामी भडकली. "बाई दोघायकडून म्हणून राहिली!"

मामा परत डॉक्टरीणबाईंकडे वळला. मग म्हणाला, "अन् अनारसे? ते काय जनुकानं खाल्ले?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"मी खाल्ले, बाबा," तृप्ती खाली मान घालून म्हणाली. "दरवर्षी मीच खात होती. खायची अन् इन्सुलिन वाढवून घ्यायची. माहा आकडा चांगला येत होता, तं तुमी मले कधी विचारलंच नाही."

टीना आधी खो खो हसली, मग तिथेच रडायला लागली. मामा उठून तिच्याजवळ गेला आणि तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटला.

"असं नाही," टीना डोळे पुसत म्हणाली. "चोर म्हणाले तवा सगळ्यायसमोर म्हणाले. आता बी तसंच म्हणा."

मामाने दार उघडलं. बाहेर वीसेक पेशंट नंबर लावून बसले होते.

"माही टीना चोर नाही!" तो मिलमध्ये ओरडतो तसा ओरडला.

"जोरात, बाबा," टीना म्हणाली. "मागच्यायले आयकू नाही गेलं."