माका गाडी आसा

माझ्या दवाखान्यातल्या खुर्चीत आजवर एकच बाई झोपली. बाकीचे त्या खुर्चीत देवाचा धावा करतात. एका धडधाकट माणसाने तर माझं बोट चावलं होतं. कमलमावशी मात्र दाढेत ड्रिल फिरत असताना, आ वासलेल्या तोंडाने गाढ झोपली. मी मशीन बंद केलं तशी दचकून उठली. "गाडी गेली काय गो माझी?" एवढंच विचारलं. दाढेचं नावसुद्धा नाही.

"माका गाडी आसा" हे मावशीचं पालुपद, गाडी म्हणजे परतीची एसटी. ती माझ्या आईची मैत्रीण, वेंगुर्ल्याच्या पलीकडे खाडीकाठच्या गावात राहायची. लग्नाला आली की पहिल्या पंगतीला जेवून निघायची, बारशाला आली तर बाळाचं नाव ठरायच्या आत. माहेर फोंडाघाटला. तिथेही सकाळच्या गाडीने जायची, आईजवळ दोन तास बसायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत. मुक्काम म्हणून तिने कुठे केलाच नाही. "इतको काय गो घोव धरून ठेवता तुका?" माझी आई चिडवायची. मावशी नुसती हसायची आणि पदर खोचून स्टँडची वाट धरायची. नवरा भलताच कडक असणार, असं आम्ही ठरवून टाकलं होतं. मी तर त्या माणसावर मनातून डूख धरून होते.

"मावशे, रात्री झोपत नाय काय तू?" त्या दिवशी मी चांगलीच ओरडले. ड्रिलखाली झोपणारी बाई उद्या चुलीपाशी झोपेल, ही माझी भीती. मग तिने सांगितलं, तेही दाराकडे बघत. "ह्येंचो श्वास बंद पडता गो. आधी घोरतत, मगे एकदम गप. मी हलवतंय, तेवा घेतत. बारा वर्षां झाली. ह्येंका सोडून मी खंय जातलंय?"

म्हणजे नवऱ्याने नव्हे, त्याच्या श्वासाने तिला अडकवून ठेवलं होतं. आणि त्या भल्या माणसाला याचा पत्ताच नाही! काका, म्हणजे मावशीचे यजमान, कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. घरी मालवणी, पण विषय गंभीर झाला की तोंडात कचेरीतलं मराठी. "मी घोरत असल्याचा कोणताही पुरावा नाही," ते मला म्हणाले. "घोरत असतो, तर सर्वप्रथम मलाच ऐकू आलं नसतं का?" आता यावर काय बोलणार, कपाळ!

पुण्याहून आलेल्या मुलाने एकदा भांडून त्यांना गोव्यात झोपेच्या तपासणीला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी नाकाला लावायचं हवेचं मशीन दिलं. काकांनी ते चार दिवसांत खोक्यात भरून परत केलं. "नळी लावन झोपूक मी काय आयसीयूत आसंय?" मग डॉक्टरांनी लिहून दिलं, मशीन जमत नसेल तर निदान दातांवरचं साधन करून घ्या. ते मी करते, पण आमच्याकडे घोरणं म्हणजे चेष्टेचा विषय. त्यासाठी दातांच्या डॉक्टरकडे येतो कोण? मी मावशीला समजावलं. वरच्या आणि खालच्या दातांवर दोन पट्ट्या बसतात, त्या खालचा जबडा जरा पुढे धरून ठेवतात, मग जीभ मागे पडून घसा बंद करत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ह्येंका ती कवळी वाटतली."

तसंच झालं. "बत्तीस दात शाबूत असताना कवळी? सदर प्रस्ताव अमान्य!"

इकडे फोंडाघाटच्या आजीने, म्हणजे मावशीच्या आईने, अंथरूण धरलं. माणसं विसरायला लागली होती, पण रात्र झाली की "कमळे, कमळे" अशा हाका मारायची, "माझां चेडू खंय?" म्हणून लेकीला शोधायची. मावशीची वहिनी ते फोनवर सांगायची. "दिसाची जातंय तेवा ती झोपलेली असता. हाक मारता तेवा मी हय," मावशी म्हणाली आणि माझ्यासमोर ढसाढसा रडली. मला तिची दया आली आणि काकांचा असा संताप आला की काय सांगू.

मीच तिला रात्रीचं सगळं मोबाइलवर रेकॉर्ड करायला लावलं. दोन दिवसांनी काकांना दात साफ करायच्या निमित्ताने बोलावून ते ऐकवलं. आधी घोरणं. "हा कोण मनुष्य?" काका ऐटीत. मग घोरणं थांबलं. पुढे काहीच नाही. इतका वेळ काही नाही, की काका स्वतःच खुर्चीत पुढे सरकले. मग मावशीचा आवाज, अगदी मऊ. "अहो, घेवा. श्वास घेवा बघू." पुन्हा काही नाही. "घेवा हो." आणि मग एक मोठा श्वास. थोड्या वेळाने परत तेच. तिसऱ्यांदा "घेवा" ऐकल्यावर काकांनी मोबाइल पालथा घातला.

"ही रोज असां सांगता?" कचेरीतलं मराठी कुठल्या कुठे गेलं होतं.

"बारा वर्षं, काका."

ते तोंड उघडून मागे टेकले. "घे माप," म्हणाले.

साधन तयार होऊन आलं. मावशीने पहिल्याच सकाळी स्वच्छतेच्या हौसेने ते उकळत्या पाण्यात टाकलं आणि पट्ट्या वाकड्या झाल्या. माझं डोकंच फिरलं. "मावशे, कुर्ले उकडतंस काय?" खेकडे उकडावेत तसंच केलं होतं तिने. दुसरं होईपर्यंत तीन आठवडे गेले, आणि आजी तिकडे हाका मारतच होती. दुसरं नीट बसलं. काकांचा जबडा सकाळी दुखायचा, ते कुरकुरायचे, पण लावायचे. मी थोडा थोडा करून जबडा पुढे घेत गेले आणि घोरणं थांबलं. तर मावशी आपली जागीच! "आवाज येयना गो. माका वाटता, गेलेच. उठान नाकाखाली बोट धरतंय." सुटका झाली होती, पण बाईला ती पटत नव्हती.

शेवटी काका आपण होऊन गोव्याला गेले, साधन लावून पुन्हा तपासणी करून आले आणि रिपोर्ट तिच्या हातात दिला. "वाच. श्वास बरो चलता म्हणान लिवलेलां आसा, सही-शिक्क्यासकट. आता आवशीकडे जा. आणि रव थंय."

मीच तिला माझ्या गाडीने फोंडाघाटला मुक्कामाला पोचवलं, नाहीतर ती कणकवलीहून मागे फिरली असती. आजी खाटेवर डोळे मिटून पडली होती. मावशी तिचा हात धरून बसली. तेवढ्यात काकांना चार फोन झाले. "लावतालात मा? नक्की?" पाचच्या सुमाराला रस्त्यावर संध्याकाळच्या एसटीचा हॉर्न वाजला आणि आजीने डोळे उघडले. समोर कोण आहे ते तिला धड कळत नव्हतं, पण तो हॉर्न बरोबर कळला. मावशीचा हात सोडवत म्हणाली, "कमळे, ऊठ गो. गाडी इली तुझी."

मावशी उठली. खरंच उठली आणि पिशवी शोधायला लागली. मग तिचं तिलाच कळलं, आणि परत बसली.

"आज माका गाडी नाय, आये."

आजी तिच्याकडे बघत राहिली. मग कशीबशी भिंतीकडे सरकली आणि खाटेवर जागा केली.

मी स्वयंपाकघरात चहा घेतला आणि निरोप घ्यायला बाहेर आले. आईच्या कुशीत मावशी झोपली होती, माझ्या खुर्चीत झोपली होती तशीच, तोंड उघडं टाकून. "मावशे, मी जातंय गो," मी म्हटलं. आजी टक्क जागी होती. तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल गो. माझां चेडू निजलां."