वरच्या काकांचं मशीन

अख्ख्या चेन्नईत ऐन मे महिन्यात स्वतःचं घर तापवणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या डोक्यावर, वेस्ट मांबलममधल्या आमच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहतो. चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेल्या या काकांनी घरचा कॉम्प्युटर परक्या शास्त्रज्ञांच्या गणितांना वाहून टाकलाय. तेही फुकट. तिकडून इंटरनेटवर गणिताचा तुकडा येतो, काकांचं मशीन रात्रंदिवस पूर्ण ताकदीनं तो सोडवतं आणि मुदतीच्या आत उत्तर परत पाठवतं. त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो, खोलीत ओला पंचा दहा मिनिटांत वाळतो, आणि काका घाम पुसत वहीत लिहितात, "दुसरी पाळी. मशीन तापलेलं. तक्रार नाही." तक्रार अर्थात मी करायचो.

एकदा वैतागून विचारलं, काका, या उपद्व्यापातून तुम्हाला मिळतं तरी काय? त्यांनी आधी नोंद पूर्ण केली आणि मग सांगितलं, की काकूंना जो विसरण्याचा आजार जडलाय, त्याच्याच संशोधनाची ही गणितं. काकू आहेत तोवर औषध निघणार नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. "पण कुणाच्या तरी बायकोला लागेल ना," म्हणाले. त्यानंतर पंख्याबद्दल मी ब्र काढला नाही.

गेल्या खंडेनवमीला मात्र पंचाईत झाली. त्या दिवशी यंत्र चालवायचं नाही, हा कारखान्यातल्या माणसाचा धर्म. दरवर्षी काकू कॉम्प्युटरला कुंकू लावायच्या आणि त्याला दिवसभर सुट्टी मिळायची. या वेळी नऊ दिवस चाललेलं गणित दुसऱ्या दिवशी सकाळी पोचवायचं होतं. बंद केलं तर ते दुसऱ्या कुणाच्या मशीनकडे जाणार आणि काकांची सगळी मेहनत पाण्यात. काकूंना वार आठवत नाही, तिथे सण कुठला आठवायला! काकांनी मशीन चालूच ठेवलं. मी प्रसादाचं सुंडल, म्हणजे इकडची हरभऱ्याची उसळ, घेऊन वर गेलो, तर मला चोरासारखं गप्प बसायला खुणावलं.

तेवढ्यात काकू कुंकवाची वाटी घेऊन बाहेर आल्या. मशीनसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "अहो, आज खंडेनवमी. हे चालू कसं?"

काकांनी बटण दाबून मशीन बंद केलं. मला राहवलं नाही. म्हटलं, काका, थोडेच तास उरले होते.

"अरे, तिला आठवलं," ते म्हणाले. "याच्यासाठीच तर चालवतोय ना मी?"

काकूंनी मशीनला नीट कुंकू लावलं. मग माझ्याकडे बघून, हे कोण आलेत, म्हणून काकांना विचारलं. मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही.