मेव्हण्यांचं कपाट आणि दादांचं गाऱ्हाणं

कुणावरही विश्वास न ठेवता माणूस अगदी सुखात जगू शकतो, हे आमच्या मेव्हण्यांनी सिद्ध केलं होतं. निदान गेल्या पावसाळ्यापर्यंत. हे आमच्या हिचे मामेभाऊ. मुंबईतली नोकरी संपवून आचऱ्याला परतले ते दोन छत्र्या, दोन चष्मे आणि विहिरीला दोन पंप अशा बेताने. कुलूप लावून निघाले की बेड्यापासून, म्हणजे फाटकापासून, परत येऊन ते ओढून बघायचे, आणि मी ओढून पाहिलं तर माझ्यामागून पुन्हा ओढायचे. मासेवालीने "बांगडो ताजो आसा" म्हटलं, तर हे तो शेजारच्या मांजराला हुंगवायचे. मांजर बिचारं प्रत्येक वेळी पसंती द्यायचं.

अशा माणसाने एक जुना सर्व्हर विकत घेतला, याचं मला नवल वाटलं नाही. आठ डिस्कांच्या त्या धुडाला ते कपाट म्हणत. त्यातली एखादी डिस्क मेली तरी बाकीच्या मिळून तिचा माल सांभाळतात, हे त्यांना फार आवडलं होतं. हा खटाटोप दादांसाठी होता. दादा म्हणजे मेव्हण्यांचे थोरले भाऊ. देवळात गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचे, आणि त्यांच्या प्रत्येक मागणीला अख्खा गाव "व्हय म्हाराजा" म्हणायचा. शिमग्यानंतर ते गेले. मागे राहिली त्यांच्या गाऱ्हाण्याची एकच व्हिडिओ कॅसेट, तिलाही बुरशी. कुडाळच्या दुरुस्तीवाल्याने बजावलं होतं की फीत चालली तर एकदाच चालेल. त्या एका वेळेत ती कपाटात उतरवून घ्यायची होती.

आणि नेमकं तेव्हाच कपाट मंदावलं. चाचणीला दुसरी एक कॅसेट लावली, तर डिस्कांवर लिहिणं इतकं रखडत होतं की चित्र जागोजागी तुटायला लागलं. मेव्हण्यांनी वायरी बदलल्या, एकेक डिस्क तपासली, आतल्या मुंग्या झटकल्या. काहीच होईना, तेव्हा कपाटापुढे नारळ ठेवून स्वतःच गाऱ्हाणं घातलं: "बा देवा म्हाराजा, ह्या कपाटात जी काय पिडा शिरली आसात, ती दूर कर रे म्हाराजा!" मागे गाव म्हणून मी एकटा. "व्हय म्हाराजा" म्हणताना मला हसू आवरेना, आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा नीट म्हटलं.

दुखणं अखेर सापडलं. डिस्कांवर लिहिणाऱ्या कार्डाची छोटी बॅटरी फुगून मेली होती. बॅटरी असली की वीज गेली तरी कार्डाची आठवण शाबूत राहते, म्हणून ते आलेला माल तिच्यात ठेवून सवडीने डिस्कवर उतरवतं. ती गेली की ते घाबरतं. एक घास डिस्कवर पोचल्याची खात्री झाल्याशिवाय दुसरा घेत नाही. "भावोजी, ह्या कार्ड माझ्यासारख्याच झालाहा," मेव्हणे म्हणाले. तसली बॅटरी कुठे मिळेना. मी म्हटलं, माझ्या लॅपटॉपवर उतरवू. "एकाच डिस्कर? ती गेली तर दादाक खंय शोधू?"

बुरशी वाढत होती. दोन इन्व्हर्टर होते, ते दोन्ही आभाळातून पडलेल्या एकाच विजेने नेले होते. शेवटी मेव्हण्यांनी बॅटरीविनाच आठवण वापरायचा हुकूम कार्डाला दिला. "एकदाच भरवसो ठेवून बघतंय," म्हणाले. सकाळ कोरडी होती. कॅसेट लागली, दादा पडद्यावर आले, आवाज खणखणीत. मेव्हण्यांनी हात जोडले. तेवढ्यात माडांच्या झावळ्या सळसळल्या आणि आमच्याकडे वाऱ्यासरशी जाते तशी वीज गेली.

फीत यंत्रात चिकटली होती, काढताना तुटली. कार्डाच्या आठवणीत होतं ते गेलं. डिस्कांवर सुरुवातीचा तेवढा तुकडा उतरला होता.

आता मेव्हणे घराला कुलूपसुद्धा लावत नाहीत. आत चोरीला जाण्यासारखं काय उरलंय, असं त्यांना वाटत असावं, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. संध्याकाळी गेलो की ते तो तुकडा लावतात. दादा म्हणतात, "...ती दूर कर रे म्हाराजा!" आणि पडदा काळा होतो, गावाचं उत्तर त्यात आलेलंच नाही. मेव्हणे माझ्याकडे बघतात. मग आम्ही दोघं "व्हय म्हाराजा" म्हणतो.